नात्यातून आलेली सत्ता : मराठी मुलखातील राजस्त्रियांची संबोधने

नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावी या सातवाहन राजाच्या 19व्या राज्यवर्षी कोरलेला जो प्राकृत लेख आहे, तो गौतमी बलश्री या राणीचा असून त्यात तिला ‘महादेवी’, महाराजाची माता आणि महाराजाची आजी म्हटले आहे, शिवाय राजर्षीच्या वधूला साजेसे वर्तन करणारी असेही तिचे वर्णन येते. ‘महादेवी’ म्हणजे पट्टराणी, हा दर्जा दाखवणारा शब्द. बाकीची सारी विशेषणे नात्याची आहेत. भिक्षुसंघाला लेणे दान करणाऱ्या या स्त्रीची ओळख पुत्र, पौत्र आणि पती यांच्या आधाराने उभी केली आहे, आणि उच्चकुलीन स्त्रियांच्या बिरुदांचा महाराष्ट्रातील पुढचा इतिहास बव्हंशी याच वाटेने गेला. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या पुणे ताम्रपटातही ती रुद्रसेनाची ‘अग्रमहिषी’, म्हणजे मुख्य राणी, आणि युवराज दिवाकरसेनाची ‘जननी’ आहे. अल्पवयीन मुलाच्या वतीने राज्य तीच चालवत असली तरी ते सांगणारे स्वतंत्र पदनाम ताम्रपटात नाही. गुप्त कुळातील आपल्या पित्याचे नाव मात्र तिने अभिमानाने नोंदवले आहे, आणि ही नोंद नजरेआड करण्यासारखी नाही.

मराठेशाहीत दरबारी भाषेत संस्कृत, मराठी, फारसी आणि अरबी शब्द एकत्र नांदत होते. संस्कृत ‘राज्ञी’पासून प्राकृतमार्गे ‘राणी’ आली, आणि संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई यांच्या शिक्क्यात मूळ संस्कृत रूपच ‘सखी राज्ञी’ या जोडीने पुन्हा दिसते. ‘साहेब’ हा शब्द अरबी. त्याचे मूळ अर्थ सोबती आणि धनी. उर्दूत स्त्रीसाठी त्याचे ‘साहिबा’ होते, पण मराठीने त्याला स्त्रीलिंगी प्रत्यय न लावता ‘आईसाहेब’, ‘बाईसाहेब’, ‘वहिनीसाहेब’ असे शब्द घडवले, त्यामुळे घरातल्या नात्याला दरबारी मान जोडला गेला. शाहू महाराजांच्या राण्या सकवारबाई आणि सगुणाबाई यांना अनुक्रमे ‘थोरली धनीण’ आणि ‘धाकटी धनीण’ म्हणत. इथे ‘धनी’ या मराठी शब्दाचेच स्त्रीलिंगी रूप झाले आहे.

या शब्दांचा खरा कस लागला तो स्त्रीने प्रत्यक्ष राज्य चालवले तेव्हा. 1700 साली राजाराम महाराजांच्या निधनानंतर ताराबाईंनी आपल्या लहान मुलाला गादीवर बसवून औरंगजेबाविरुद्धचे युद्ध चालवले, आणि उतारवयात, 1750 साली, छत्रपती रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात अटकेत ठेवण्याइतकी सत्ता त्यांच्या हाती होती. कागदपत्रांत त्यांचा उल्लेख ‘मातुश्री आईसाहेब’ असा येतो. ‘आई’ हा अर्थ इथे संस्कृत आणि मराठी अशा दोन शब्दांनी दोनदा सांगितला असून त्यापुढे अरबी ‘साहेब’ आहे. राज्यकर्ती या अर्थाचे पद भाषेजवळ तयार नव्हते, म्हणून आईपणाच्या शब्दानेच ते काम केले, असा याचा अर्थ लावणे योग्य ठरेल. सरसेनापती त्रिंबकराव दाभाडे 1731 साली डभईच्या लढाईत पडल्यावर सेनापतिपद त्यांचे धाकटे भाऊ यशवंतराव यांच्या नावे झाले, परंतु कारभार मातुश्री उमाबाईंनी पाहिला. होळकरांकडेही तसेच घडले: मल्हाररावांच्या आणि त्यांचे नातू मालेराव यांच्या पश्चात सुभेदारी तुकोजी होळकरांकडे गेली आणि 1795पर्यंत राज्याचा कारभार करणाऱ्या अहिल्याबाई ‘मातुश्री’ राहिल्या. त्यांच्या बाबतीत या शब्दाला रयतेच्या कृतज्ञतेने जे वजन आले, ते कोणत्याही सनदेने आले नसते.

पत्रांच्या मायन्यात मात्र पद आणि कर्तृत्व यांपेक्षा सौभाग्य पुढे येई. सुवासिनीला ‘सौभाग्यादिसंपन्न वज्रचूडेमंडित’, म्हणजे जिचा चुडा अभंग आहे अशी, असे लिहीत, तर विधवेला ‘गंगाभागीरथी’. बिरुद कितीही सन्मानाचे असो, पती हयात आहे की नाही हे पहिल्याच ओळीत उघड होई, आणि त्यातली वेदना लपण्यासारखी नाही. 2023 साली ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगाभागीरथी’ वापरण्याचा विचार शासनपातळीवर पुढे आला तेव्हा त्याला तीव्र विरोध झाला, तो याच कारणाने.

स्त्रीची ओळख पतीवरून ठरते, हेच गावपातळीवर ‘-ईण’ हा प्रत्ययही सांगतो. ‘पाटलीण’ आणि ‘देशमुखीण’ हे शब्द त्या वतनदाराच्या पत्नीचे. पाटीलकी चालवणारी स्त्री असा त्यांचा रूढ अर्थ नव्हे. 1993 साली अमलात आलेल्या 73व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींत स्त्रियांसाठी राखीव जागा आल्या, तेव्हा ‘सरपंच’ हे पद कोणताही प्रत्यय न लागता स्त्रीला मिळाले आणि लोक तिला ‘सरपंचताई’ म्हणू लागले. तिच्या नावावर कारभार हाकणाऱ्या नवऱ्यासाठी मात्र ‘सरपंचपती’ हा नवा शब्द घडला.