पिशवीतले राक्षस

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किल्ला करावयाचा, ही आपल्या घरांतली चाल महाराष्ट्र सोडून पिढ्या लोटल्या तरी सुटलेली नाही. आमच्या बडोद्याच्या घरीही विटा, माती आणि गोणपाट यांचा किल्ला दरवर्षी उभा राहतो, त्यावर अळीव पेरले जातात आणि सिंहासनावर महाराज विराजमान होतात. प्रमाणाचा विचार तेथे कोणी करीत नाही. वाघ मावळ्याच्या गुडघ्याएवढा असतो आणि विहिरीवरची बाई बुरुजापेक्षा उंच.

मागच्या दिवाळीत नातवाने मंगळबाजारातून प्लास्टिकच्या प्राण्यांची एक पिशवी आणली. हत्ती, घोडा, सुसर यांच्यामध्ये एक प्राणी असा निघाला की त्याला नावच सापडेना. पाठीवर खवले, तोंड भुंग्याचे, आणि शेपटीच्या टोकाला पंख्याच्या पात्यांसारखे काहीतरी. "आजोबा, हे काय आहे?" या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. शेजारचा कॉलेजात शिकणारा मुलगा किल्ला पाहावयास आला होता. तो हसून म्हणाला, "काका, हा तर रस्ट मॉन्स्टरचा चुलतभाऊ दिसतो!" त्याने जे सांगितले ते प्रथम मला थट्टेचे वाटले. पुढे मी त्याचा थोडा पाठपुरावा केला, आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे एक लहान गाव आहे. तेथे गॅरी गायगॅक्स नावाचा गृहस्थ राहत असे. जन्म १९३८ चा, शिकागोचा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, शिकागोच्या सिंफनी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजविणारे. मुलगा विमा कंपनीत नोकरीस लागला, परंतु १९७० साली ती नोकरी गेली. घरात बायको आणि मुलेबाळे. तेव्हा या गृहस्थाने तळघरात जोडे दुरुस्त करावयास आरंभ केला, आणि उरलेल्या वेळात तो खेळांचे नियम लिहू लागला.

हे खेळ लढायांचे. मेजावर शिशाचे किंवा प्लास्टिकचे सैनिक मांडून, फासे टाकून लढाई लढावयाची, हा पश्चिमेकडील मोठ्या माणसांचाही जुना छंद आहे. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली त्यावर एक पुस्तकच लिहिले होते. गायगॅक्सने जेफ पेरेन या मित्राबरोबर १९७१ साली मध्ययुगीन लढायांचे 'चेनमेल' नावाचे नियम प्रसिद्ध केले आणि त्यांच्या शेवटी जादूगार, राक्षस आणि उडते सर्प यांचे एक प्रकरण जोडून दिले. तिकडे मिनेसोटात डेव्ह आर्नेसन नावाच्या तरुणाने लढाईतला एकेक सैनिक एकेका खेळाडूच्या हाती देऊन त्याला तळघरांतून आणि भुयारांतून हिंडवावयास सुरुवात केली होती. या दोघांच्या सहकार्यातून १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. तीन छोट्या पुस्तिका, लाकडासारख्या रंगाची एक पेटी, किंमत दहा डॉलर, प्रती फक्त एक हजार. त्या पेट्याही घरीच भरल्या गेल्या.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना तो कीर्तन आणि सारीपाट यांच्या मध्ये कोठेतरी आहे असे सांगावे लागेल. एक जण सूत्रधार होतो. समोर काय आहे, दार उघडल्यावर काय दिसले, हे तो शब्दांनी सांगतो. बाकीचे चार-पाच जण कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी पुरोहित होऊन आपण काय करणार ते बोलतात. घाव लागला की हुकला हे फासा ठरवितो, आणि तो फासाही सहा बाजूंचा नसतो, वीस बाजूंचा असतो. असले फासे प्रारंभी शाळांना गणिताचे साहित्य पुरविणाऱ्या विक्रेत्याकडून मागविले जात. या खेळात शेवटी जिंकणारा आणि हरणारा असा कोणी नसतो. कथा पुढे जात राहते, एवढेच.

आता पिशवीकडे वळू. मेजावर योद्धे मांडावयाचे तर त्यांच्यासमोर राक्षसही हवेत. पण त्या काळी राक्षसांच्या बाहुल्या कोणी विकत नसे, आणि विकल्या असत्या तरी जोडे शिवणाऱ्या माणसाला त्या परवडल्या नसत्या. 'चेनमेल'च्या दिवसांत गायगॅक्सने स्टेगोसॉरस या डायनोसॉरचे प्लास्टिकचे खेळणे घेऊन त्याचाच ड्रॅगन बनविला होता. पुढे एका स्वस्त वस्तूंच्या दुकानात त्याच्या हाती हाँगकाँगची एक पिशवी लागली. वरच्या कागदावर नाव होते प्रागैतिहासिक प्राण्यांचे. आत मात्र जे होते ते पृथ्वीच्या पाठीवर कोणत्याही युगात वावरलेले नव्हते.

त्यातला एक प्राणी तोच, ज्याच्या शेपटीला पंखा होता. दुसऱ्याची पाठ कासवासारखी, डोके बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते. तिसरा दोन पायांवर उभा, धड अस्वलाचे आणि तोंड पक्ष्यासारखे. भुंग्यासारख्या जबड्याचा आणखी एक होता.

आपल्या पुराणांतही मिश्र देहांचे प्राणी पुष्कळ आहेत. शरभ आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला दिसतो, आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंड तर कर्नाटकाच्या राजमुद्रेवर बसला आहे. परंतु तेथे कथा अगोदर आणि देह नंतर. नरसिंहाला ना नर ना पशू असे रूप का घ्यावे लागले, ते वरदानातच लिहिलेले आहे. लेक जिनिव्हात गोष्ट उलट झाली. देह समोर येऊन पडला होता, आणि तो तसा का आहे याचे कारण मागाहून शोधावयाचे होते.

पंख्याच्या शेपटीचा प्राणी घ्या. त्याला ना मोठे दात, ना नखे. मग त्याची भीती कशाची? गायगॅक्सने ठरविले की हा मांस खात नाही, धातू खातो. त्याच्या मिशांचा स्पर्श होताच लोखंड गंजून जाते, आणि तो गंज हे त्याचे अन्न. हाच रस्ट मॉन्स्टर. आपण त्याला गंजासुर म्हणू. १९७५ साली 'ग्रेहॉक' या पुरवणीत तो छापून आला. यातली खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. उत्तम चिलखत, मंतरलेली तलवार, ढाल अशी कमाई करून बसलेला खेळाडू दहा तोंडांच्या राक्षसाला भीत नाही, कारण जखम भरून येते. पण ही कमाई क्षणात तांबडी भुकटी होणार म्हटल्यावर तोच शूर पळत सुटतो, आणि ज्याच्या हाती लाकडी सोटा आहे तो गरीब निर्धास्तपणे पुढे येतो. अनुभवी मंडळी म्हणूनच लोखंडी खुंट्या जवळ ठेवीत आणि त्याच्यापुढे फेकून देत. तो त्या खात बसे, तोवर निसटावयाचे. सगळ्या राक्षसांत मला हा सर्वांत आवडला. लोकांना घाबरविण्यासाठी त्यांना ठार मारावे लागत नाही, हे जोडे शिवून दिवस काढलेल्या माणसाला ठाऊक असावे.

अस्वल-पक्ष्याला घुबडाची चोच आणि स्वभाव देऊन त्याचे आऊलबेअर, म्हणजे घुबड-अस्वल, केले. तो मिठीत धरून चिरडतो. भुंग्याच्या जबड्याचा प्राणी अंबर हल्क झाला. तो जमीन पोखरत येतो आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहणाऱ्याचे भान हरपते. हे दोघेही त्याच पुरवणीतले.

गोळीसारख्या डोक्याच्या प्राण्याला खेळणारी मंडळी आकारावरून बुलेटच म्हणू लागली होती. जून १९७६ मध्ये 'द ड्रॅगन' या मासिकाचा पहिला अंक निघाला, तेव्हा संपादक टिम कास्क यांनी या बेवारस प्राण्याला जन्मकथा दिली. नावाला फ्रेंच थाटाचे स्पेलिंग चढविले आणि एका वेड्या जादूगाराने कासव आणि आर्माडिलो यांच्या संकरातून हा प्राणी निर्माण केला, असे सांगितले. आर्माडिलो म्हणजे आपल्या खवल्या मांजरासारखा चिलखती अंगाचा प्राणी. हा नवा प्राणी मातीखालून माशासारखा पोहत येतो. घोडे आणि बुटके लोक त्याला फार आवडतात. खेळण्याच्या पाठीवर एक उभा तुरा होता. त्याचे काय करावे? तर प्राणी चवताळला की तो तुरा उभारतो, आणि त्याखालची कातडी मऊ असते. सारे अंग दगडासारखे, पण घाव घालावयाची जागा तेवढी एकच. साच्यात कोणा कारागिराने सहज ओढलेली एक रेघ अशी रणनीती होऊन बसली.

नव्या राक्षसांची निकड का लागत होती, तेही सांगितले पाहिजे. खेळाडू पुस्तके पाठ करीत. ट्रोल आला की विस्तव लावा, अमुक आला की चांदीचे शस्त्र काढा. ओळखीच्या राक्षसाचे भय राहत नाही. अशा वेळी सूत्रधाराने खिशातून ती वेडीवाकडी आकृती काढून मेजावर ठेवली की सर्वांचे बोलणे थांबे, कारण ती कोणत्याच पुस्तकात नसे.

हे प्राणी मुळात आले कोठून, याचा अंदाज जपानकडे नेतो. १९५४ च्या 'गॉडझिला' चित्रपटानंतर आणि विशेषतः १९६६ च्या 'अल्ट्रामॅन' या दूरदर्शन मालिकेनंतर तेथे अजस्र प्राण्यांची लाट आली होती, आणि पिशवीतले काही प्राणी त्यांच्याच ओबडधोबड नकला वाटतात. खुद्द जपानी मंडळींनाही पैशांची ओढाताण होतीच. १९६५ च्या एका चित्रपटासाठी बारागॉन नावाच्या प्राण्याचा रबरी पोशाख तयार केला होता. तोच पोशाख मुखवटे आणि शिंगे बदलून पुढे दूरदर्शनवर नेरोंगा, गाबोरा अशा निरनिराळ्या नावांनी वावरला. म्हणजे तेथे एक पोशाख उसना, हाँगकाँगात साचा उसना, आणि लेक जिनिव्हात कथा नवी.

हाँगकाँगमध्ये त्या काळी प्लास्टिकचा धंदा भरभराटीस आला होता. कारखान्यांत माल ओतला जाई आणि रंगविण्याचे, जोडण्याचे काम दाटीवाटीच्या घरांतून बायकामुले करीत. या प्राण्यांचे साचे ज्याने घडविले त्याचे नाव कोणत्याही कागदावर नाही. त्याने मूळ जपानी प्राण्याचे एखादे धुरकट चित्र पाहिले असेल, किंवा तेही पाहिले नसेल. शेपटीला पंखा का लावला हे त्यालाच माहीत.

येथे मला एक गोष्ट खटकते. या खेळात आरंभी 'हॉबिट' हे बुटके लोक होते. ते नाव टोल्किन या इंग्रज लेखकाच्या पुस्तकातले. त्या पुस्तकांचे व्यापारी हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी आक्षेप घेतला, तेव्हा नाव बदलावे लागले आणि हॉबिटांचे हाफलिंग झाले. ते रास्तच झाले. परंतु गंजासुराची शेपटी ज्याची, त्याच्या वतीने कोणी वकील आला नाही. गायगॅक्सने पिशवीचे ऋण कधी लपविले नाही, त्याने ती हकीकत मोकळेपणाने सांगितली. पण त्यालाही देणे कोणाचे फेडावे हे कळले नसते.

गायगॅक्सचेही पुढे फारसे भले झाले नाही. भागीदार आणि बालमित्र डॉन के १९७५ च्या जानेवारीत अकाली वारला. कंपनी मोठी झाली, भांडणे झाली, आणि १९८५ साली तिची सूत्रे गायगॅक्सच्या हातून गेली. २००८ साली तो वारला, आणि दुसऱ्या वर्षी आर्नेसन. कंपनी १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने घेतली आणि विझार्ड्सला १९९९ मध्ये हॅस्ब्रोने. हॅस्ब्रो ही खेळण्यांची बलाढ्य कंपनी. स्वस्त खेळण्यातून निघालेले राक्षस असे महागड्या खेळण्यांच्या घरी नांदावयास आले.

सन २००० मध्ये या कंपनीने खेळाचे बरेचसे नियम इतरांना वापरावयास मोकळे केले, आणि २०२३ मध्ये ती मोकळीक आणखी वाढविली. घुबड-अस्वल, गंजासुर आणि बुलेट हे त्या मोकळ्या यादीत आहेत. ते कोणीही आपल्या पुस्तकात घालावेत. अंबर हल्क मात्र राखीव. त्याच्यावर कंपनीचा हक्क. एकाच धर्तीच्या पिशव्यांतून निघालेल्या भावंडांपैकी तिघे गावचे आणि एक सावकाराचा, असा हा वाटा झाला आहे.

आमच्या किल्ल्यावरचा प्राणी भाऊबीजेनंतर मावळ्यांबरोबर बिस्किटांच्या डब्यात गेला. त्याआधी नातवाने वहीच्या कागदावर त्याची माहिती लिहून ती डब्यात घातली आहे. हा प्राणी, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, फक्त कुलपे खातो. शेपटी गरगर फिरवून तो अंधारात कुलूप हुडकतो, आणि त्याच्यापासून खजिना वाचवावयाचा असेल तर दार उघडे ठेवावे लागते. मग चोरांचे काय करावयाचे, असे मी विचारले. ते पुढच्या दिवाळीत ठरवू, असे उत्तर मिळाले.