संगणकाची दप्तरदारी

३ जून २०२० रोजीं दुपारीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरांत किनाऱ्यावर चढलें. ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्यानें सुपारी-नारळाच्या जुन्या वाड्या कांहीं तासांत आडव्या केल्या, विजेचे खांब मोडून पाडले, आणि त्यानंतर कित्येक दिवस गांवोगांव अंधार राहिला. सुपारीचें रोप लावल्यापासून तें फळास येईपर्यंत पांच-सात वर्षें जातात. झाड गेलें म्हणजे बागाइतदाराच्या हातीं उरते ती केवळ नोंद: वाडी कोणाची, झाडें किती होतीं, सोसायटीचें येणें-देणें काय. ही नोंद पूर्वीं कीर्द-खतावणींत असे. आतां पुष्कळ ठिकाणीं ती संगणकांत असते. वाडीबरोबर तीही गेली, तर मनुष्य दोनदां बुडाला असेंच म्हणावें लागेल.

दप्तराची किंमत श्रीवर्धनास कोणी शिकवावयास नको. बाळाजी विश्वनाथ भट यांचें घराणें येथील देशमुखीचें. येथून घाटावर गेलेले बाळाजीपंत १७१३ सालीं पेशवे झाले. त्यांच्या वंशाचें राज्य १८१८ सालीं संपलें. पण त्या राज्याचें दप्तर राहिलें. मोडी कागदांचे ते रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारांत आजही आहेत, आणि त्यांतून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० पासून १९३४ पर्यंत संपादून काढले. कागद कोठें ठेवला, कोणीं पाहावा, कोणीं लिहावा, आणि हरवला तर दुसरी प्रत कोठें मिळेल, या चार प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्यापाशीं तयार असतात तो खरा दप्तरदार. संगणकाचा कारभार पाहणाऱ्या मनुष्याचें कामही याहून निराळें नाहीं.

ज्या प्रणालीवर असे पुष्कळसे संगणक चालतात तिचें नांव लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा लिहून जगास खुला केला. तिची रीतभात मात्र केन टॉमसन व डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतल्या बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं आरंभिलेल्या युनिक्सची आहे. अँड्रॉइड फोनांच्या पोटांत हाच गाभा आहे. सी-डॅकनें ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली याच पायावर उभारली. रायगड जिल्ह्यांतच, कर्जत तालुक्यांतल्या एका धनगरवाड्याच्या शाळेंत २००७ सालीं मुलांना जे चिमुकले लॅपटॉप मिळाले, तेही लिनक्सवरच चालत असत.

या प्रणालींत चित्रांवर बोट ठेवून काम होतें, तसेंच हुकूम लिहूनही होतें. काळ्या पडद्यावर एक खूण लुकलुकत असते. तिच्यापुढें दोन-चार रोमन अक्षरांचा हुकूम लिहावयाचा आणि यंत्रानें त्याचें उत्तर द्यावयाचें. नवख्यास ही रीत रुक्ष वाटते. परंतु संकटाच्या वेळीं तीच उपयोगी पडते, कारण तेथें यंत्र आपलें दुखणें शब्दांत सांगतें. म्हणून या कारभाराचें पहिलें सूत्र असें कीं, यंत्र काय म्हणतें तें आधीं वाचावें, मग मोजावें, आणि हात सर्वांत शेवटीं लावावा. बहुतेक नुकसान हा क्रम उलटा केल्यानें होतें.

समजा, श्रीवर्धनांतील एखाद्या संस्थेच्या कचेरींत कारकून सकाळीं नोंद करूं लागतो आणि यंत्र ती घेत नाहीं. पडद्यावर इंग्रजींत एकच ओळ उमटते. तिचा अर्थ, या साधनावर जागा शिल्लक नाहीं. कोणी यंत्र बंद करून पुन्हां चालू करतो, कोणी दिसेल ती मोठी फाईल काढून टाकतो. जाणता कारभारी यांतलें कांहींच करीत नाहीं. तो ‘डीएफ’ हा दोन अक्षरी हुकूम लिहितो. कोणत्या डिस्कचा किती भाग भरला व किती मोकळा आहे, याचा तक्ता समोर येतो. मग ‘डीयू’ या हुकुमानें कोणत्या विभागानें किती जागा खाल्ली, हें तो वरून खालीं उतरत शोधतो. पुष्कळदां अपराधी निघते ती यंत्राची स्वतःची रोजनिशी, म्हणजे लॉग. एखादें उपकरण बिघडतें, यंत्र त्याची तक्रार क्षणोक्षणीं लिहीत सुटतें, आणि तक्रारींच्या ढिगाखालीं खऱ्या नोंदींना जागा उरत नाहीं. ढीग उपसणें हा येथें अर्धाच उपाय झाला. तक्रार वाचून मूळ बिघाड काढला नाहीं, तर आठवड्यानें पुन्हां तीच गत.

यांत दोन खोंचा आहेत. रोजनिशीची फाईल काढून टाकली तरी कधीं कधीं जागा मोकळी होत नाहीं. जो प्रोग्राम ती लिहीत असतो त्यानें ती हातांत धरलेली असते. नांव यादींतून गेलें तरी तो सोडीपर्यंत जागा सुटत नाहीं. कोणीं काय धरून ठेवलें आहे, हें ‘एलएसओएफ’ हा हुकूम दाखवितो. म्हणून चालू रोजनिशी काढून टाकण्यापेक्षां जागच्या जागीं रिकामी करावी, आणि जुनी बांधून नवी उघडण्याचें नित्याचें काम ‘लॉगरोटेट’कडे सोंपवावें. दुसरी खोंच उलट दिशेची. तक्ता मोकळी जागा दाखवितो आणि यंत्र मात्र जागा नाहीं म्हणतें. प्रत्येक फाईलीस यंत्राच्या वहींत एक रकाना लागतो. त्यास आयनोड म्हणतात. लाखों चिमुकल्या फाईली सांठल्या कीं कपाट रिकामें असतांही वही संपते. ‘डीएफ’ला आय हें अक्षर जोडून विचारलें म्हणजे हें उघड होतें.

मराठींत काम करणाऱ्यांस आणखी एक अडचण भेटते. लिनक्सवर फाईलीच्या नांवास सामान्यतः २५५ बाइटांची मर्यादा असते. साधें रोमन अक्षर एका बाइटांत बसतें. युनिकोडच्या प्रचलित पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसुद्धां, तीन बाइट घेतें. म्हणजे मराठी नांवास पंचाऐंशी चिन्हांचीच मुभा. गांव, गट क्रमांक, खातेदाराचें पूर्ण नांव व वर्ष असें लांबलचक मराठी नांव दिलें, कीं यंत्र तें नाकारतें, आणि दोष मराठीचा ठरतो. दोष मोजमाप न ठाऊक असण्याचा आहे.

‘परवानगी नाहीं’ ही दुसरी नित्याची ओळ. लिनक्समध्यें प्रत्येक फाईलीस एक मालक असतो, एक गट असतो, आणि बाकीचें जग. या तिघांस वाचणें, लिहिणें व चालविणें हे तीन हक्क वेगवेगळे देतां येतात. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालविण्याचा एक, असे अंक ठरलेले आहेत. खतावणीस ६४० हा आंकडा दिला, तर मालक वाचील व लिहील, गटांतले केवळ वाचतील, आणि इतरांस दार बंद. कंटाळलेला मनुष्य ‘चमोड’ हा हुकूम देऊन सरसकट ७७७ करतो. अडचण तत्काळ सुटते, आणि त्या यंत्रांत शिरणाऱ्या कोणासही खतावणी फिरवितां येते. पेशव्यांच्या फडांत कोणा वाटसरूस लेखणी उचलून जमाखर्चांत आंकडा घालतां आला असता काय? ‘सुडो’ शब्द लावून सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें हुकूम देतां येतो. पण तो शिक्का नेमक्या कामापुरता वापरावयाचा. परवानगी नाकारली गेली, तर मालक कोण आणि गट कोणता हें ‘एलएस’ला एल अक्षर जोडून पाहावें, उत्तर बहुधा तेथेंच असतें.

प्रोग्राम अडकून बसला, तर ‘टॉप’ हा हुकूम कोण किती शक्ति खात आहे तें सांगतो, आणि ‘किल’ त्यास थांबवितो. हें नांव भयंकर असलें तरी नुसता ‘किल’ म्हणजे विनंती असते: हातांतलें आवरून बाहेर ये. नऊ अंक जोडून दिलेला ‘किल’ मात्र मान धरून बाहेर काढतो. अर्धवट लिहिलेली नोंद तशीच राहते. विनंतीस कांहीं क्षण दिल्याशिवाय नवाचा वापर करूं नये.

वीज एकाएकीं जाते तेव्हां सगळ्याच प्रोग्रामांचें असें होतें. आजच्या डिस्कव्यवस्थेंत मोठा बदल करण्यापूर्वीं त्याचें टिपण एका वेगळ्या वहींत करण्याची रीत आहे, त्यामुळें वीज आल्यावर यंत्र तें टिपण वाचून आपली मांडणी सांवरून घेतें. त्यानंतरही शंका राहिली तर ‘एफएससीके’ हा तपासनीस आहे. पण तो वापरांत असलेल्या डिस्कवर कधीं सोडूं नये. चालत्या गाडीचें चाक खोलण्यासारखें तें होईल. रोजनिशी डिस्कवर जतन होत असेल, तर ‘जर्नलसीटीएल’ या हुकुमानें मागल्या खेपेस यंत्र बंद पडण्यापूर्वीं काय काय घडलें तेंही वाचतां येतें.

आतां सर्वांत घातक हुकूम. ‘आरएम’ फाईल काढून टाकतो. येथें कचऱ्याची टोपली नाहीं. गेलेली फाईल सहसा परत येत नाहीं. तारका हें चिन्ह ‘सर्व’ या अर्थीं चालतें, आणि तारका व पुढील अक्षरें यांच्या मधें चुकून एक जागा मोकळी सुटली, तर ‘जुन्या सर्व फाईली’ याचा अर्थ ‘सर्व फाईली’ असा होतो. यंत्र शंका विचारीत नाहीं. म्हणून तीच खूण आधीं ‘एलएस’ला द्यावी, कोणतीं नांवें येतात तीं डोळ्यांनीं पाहावींत, आणि मगच काढण्याचा हुकूम द्यावा. एवढ्या संवयीनें कित्येक वर्षांचें काम वांचतें.

तरीही एक दिवस चूक होईल, डिस्क मरेल, किंवा समुद्राकडून वारा येईल. त्या दिवसासाठीं दुसरी प्रत हाच एक उपाय. ‘आरसिंक’ हा हुकूम दोन ठिकाणांतील फरक पाहून बदललेलाच भाग नेतो. त्यास एन अक्षर जोडलें तर प्रत्यक्ष कांहीं न करतां तो काय करणार आहे तेवढें दाखवितो. दररोज रात्रीं तो चालविण्याचें काम ‘क्रॉन’ करतो. हातानें चालणारा हुकूम क्रॉनकडून पुष्कळदां चालत नाहीं, कारण हुकूम कोठें ठेवलेले आहेत याची माहिती त्यास थोडी असते. प्रत्येक हुकुमाचा पूर्ण पत्ता लिहिला कीं तो चालूं लागतो. प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या गांवीं असावी, असा जाणत्यांचा दंडक आहे. किनाऱ्यावरच्या कचेरीस यांतील तिसरें कलम सर्वांत महत्त्वाचें. संगणकाच्या शेजारच्या फळीवर ठेवलेली प्रत त्याच छपराखालीं भिजते. आणि दर महिन्यास एखादी फाईल त्या प्रतींतून खरोखर परत आणून उघडून पाहावी. जी प्रत कधीं उघडली नाहीं तिला प्रत म्हणणें धाडसाचें आहे.

एवढे हुकूम पाठ करण्याची गरज नाहीं. ‘मॅन’ हा शब्द लिहून पुढें हुकुमाचें नांव घातलें, कीं त्याची समग्र पोथी पडद्यावर उघडते. बहुतेक यंत्रांत ती आंतच असल्यामुळें वीज आली पण बाहेरचें जाळें आलें नाहीं अशा दिवशींही ती वाचतां येते. आरंभ मराठींतून करावयाचा तर मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरिअल’ या उपक्रमानें लिनक्सचे पाठ मराठींत ध्वनिचित्रांच्या रूपानें दिलेले आहेत.

निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनच्या वाड्यांत पुन्हां रोपें लावलीं गेलीं. त्यांना सांवली धरावी लागते, पाणी द्यावें लागतें, आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते. दप्तराचें तसें नाहीं. तें गेल्यावर कितीही वाट पाहिली तरी पुन्हां उगवत नाहीं. मात्र वारा सुटण्यापूर्वीं त्याचें एक रोप घाटावर लावून ठेवणें रोजच्या दहा मिनिटांचें काम आहे.