अमेरिकेत नोकरीसोबत विमाही गेला, तर 60 दिवसांत काय करायचं?

अमेरिकेत बहुतेक नोकरदारांचा आरोग्य विमा कंपनीमार्फत असतो. त्यामुळे ले-ऑफ झाला की पगारासोबत विमाही जातो. तिथल्या अनेक मराठी कुटुंबांनाही ही धास्ती असते. अशा वेळी पर्याय असतो सरकारी 'मार्केटप्लेस'चा.

मार्केटप्लेस म्हणजे काय?

2010 च्या अफोर्डेबल केअर ॲक्टनुसार, म्हणजेच 'ओबामाकेअर'नुसार हा ऑनलाइन बाजार उभा राहिला. पॉलिसी खासगी कंपन्यांच्याच असतात, सरकार त्या एका ठिकाणी मांडतं. बहुतेक राज्यांसाठी हेल्थकेअर डॉट गव्ह ही वेबसाइट आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या राज्यांची स्वतंत्र आहे. एच-1बी व्हिसावर राहणाऱ्यांनाही इथे पॉलिसी घेता येते.

आधीचा आजार असला तरी कंपनी नकार देऊ शकत नाही किंवा जास्त प्रीमियम लावू शकत नाही.

मुदत किती?

एरवी नोंदणी 1 नोव्हेंबरपासून ठरावीक काळच चालते. पण नोकरीचा विमा गेला, तर तेव्हापासून 60 दिवस खास मुदत मिळते. ती चुकली, तर पुढच्या नोंदणीपर्यंत थांबावं लागू शकतं.

ब्राँझ की सिल्व्हर?

हे दर्जे उपचारांचे नाहीत, खर्चाच्या वाटणीचे आहेत. सरासरी खर्चापैकी ब्राँझमध्ये विमा सुमारे 60 टक्के उचलतो, सिल्व्हरमध्ये 70, गोल्डमध्ये 80 आणि प्लॅटिनममध्ये 90.

समजा, ब्राँझचा प्रीमियम महिना 400 डॉलर आणि डिडक्टिबल 7,000 आहे. सिल्व्हरचा प्रीमियम 550 आणि डिडक्टिबल 3,000. ब्राँझमध्ये वर्षाला 1,800 डॉलर वाचतात. पण मोठं ऑपरेशन निघालं, तर डिडक्टिबलपोटीच 4,000 जास्त जातात. म्हणून नुसता प्रीमियम पाहून पॉलिसी निवडू नये.

उत्पन्न कमी असेल, तर डिडक्टिबल घटवणारी जादा सवलत फक्त सिल्व्हरवर मिळते.

अनुदानाचं काय?

प्रीमियमवरची करसवलत वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावर ठरते. प्रत्यक्ष उत्पन्न जास्त निघालं, तर टॅक्स भरताना जादा रक्कम परत करावी लागते. त्यामुळे मध्येच नवी नोकरी लागली, तर ते लगेच कळवावं.

पैसे भरण्याआधी काय पाहावं?

नेहमीचे डॉक्टर, जवळचं हॉस्पिटल आणि रोजची औषधं त्या पॉलिसीत आहेत का, हे तपासावं. नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरांचं बिल अनेकदा पूर्णपणे स्वतःच्याच खिशातून भरावं लागतं.