हॉटेलसकट गाडी बंद पडली तर?

कॅरव्हॅनचं बुकिंग झालं, प्लेलिस्ट रेडी, मेन्यूही ठरला. पण रोडसाइड असिस्टन्सचा कागद कुणी वाचलाय का? आम्ही नव्हता वाचला!

रात्रीचे पावणेआठ. मेहकर मागे पडलेलं, लोणार अजून यायचं होतं. डॅशबोर्डवर आधी बॅटरीचा लाल दिवा लागला, मग टेम्परेचरचा काटा सुसाट वर निघाला. दादानं गाडी कशीबशी डावीकडे घेतली आणि इंजिन बंद केलं. बाहेर डिसेंबरची थंडी, मिट्ट काळोख. आत आम्ही चौघं आणि फ्रीजमध्ये आईचं इन्सुलिन.

"डोन्ट वरी, रोडसाइड असिस्टन्स आहे," दादा एकदम कूल.

आम्ही मूळचे एकलहऱ्याचे. नाशिकरोडवरून ज्या उंच चिमण्या दिसतात ना, ते आमचं गाव. बाबांची अख्खी नोकरी तिथल्या थर्मलमध्ये, मेंटेनन्सला गेली. त्यांच्या रिटायरमेंटनंतरची ही पहिली मोठी ट्रिप. आईच्या गुडघ्यांमुळे हॉटेलचे जिने नकोत, पथ्याचं जेवण हवं, म्हणून भाड्यानं कॅरव्हॅन घेतली. बेड, किचन, टॉयलेट, फ्रीज, सगळं चाकांवर. २०२१ मध्ये राज्यानं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा फंडा आपल्याकडे बऱ्यापैकी रुजायला लागलाय. आणि समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यावर तर विचारूच नका. सिन्नरजवळ गोंद्याला वर चढायचं, मेहकरला उतरायचं. पावणेतीनशे किलोमीटर गप्पांमध्ये संपतात.

पण समृद्धीवरून उतरलं की तुम्ही पुन्हा आपल्या साध्यासुध्या महाराष्ट्रात असता. आणि आम्ही नेमके तिथे बंद पडलो.

दादानं फोन लावला. कॉल सेंटरवरच्या मुलीनं गाडीचा नंबर विचारला. दादानं सांगितला. दोन मिनिटं म्युझिक. मग, "सर, आपला प्लॅन दुसऱ्या गाडीवर आहे." करेक्ट होतं तिचं! दादाचा प्लॅन त्याच्या हॅचबॅकवर होता. त्याला वाटत होतं, मेंबर आपण आहोत, मग आपण ज्या गाडीत बसू ती कव्हर. अमेरिकेतली एएए किंवा जर्मनीची एडीएसी, यांची मेंबरशिप माणसाच्या नावानं चालते, गाडी कुठलीही असो. आपल्याकडचे बहुतेक प्लॅन मात्र रजिस्ट्रेशन नंबरला चिकटलेले असतात. माणूस बदलला तरी चालतो, गाडी नाही.

मग कॅरव्हॅनच्या एजन्सीला फोन. त्यांच्या गाडीवर प्लॅन होता, क्रेन निघाली. पण पाठोपाठ जो निरोप आला तो ऐकून आईचा चेहराच उतरला. गाडी वर्कशॉपला नेतील, क्रेनच्या केबिनमध्ये दोघं बसू शकतील. बाकीच्या दोघांचं? "त्यांची व्यवस्था आपण करायची, मॅडम."

जरा थांबून विचार करा. कार बंद पडली तर ती जाते आणि तुम्ही हॉटेलवर जाता. इथे क्रेन गाडीबरोबर तुमचं हॉटेलही घेऊन जाणार होती. अंथरूण, औषधं, गरम कपडे, फ्रीज, सगळंच. ओढून नेल्या जाणाऱ्या गाडीत आत बसून राहणं धोक्याचं, ते कुणी करूही देत नाही. म्हणजे साठीच्या घरातले दोघं रात्री अनोळखी रस्त्यावर, इन्सुलिन एकीकडे आणि आई दुसरीकडे. (वापरात असलेलं पेन थंड हवेत रात्रभर फ्रीजबाहेर राहिलं तर बिघडत नाही, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्या रात्री आमची वाट लागली होती.)

पावणेअकराला क्रेन आली. ड्रायव्हर उतरला, गाडीला एक चक्कर मारली, वर बघितलं, खाली वाकून बघितलं आणि मान हलवली. "हे आपल्यानं नाही होत भाऊ." क्रेन कार उचलणारी होती, पुढची दोन चाकं हुकात घेऊन ओढणारी. आमची गाडी मागच्या चाकांवर चालणारी, पावणेतीन मीटर उंच, वर पाण्याची टाकी फुल्ल. शंभर लिटर पाणी म्हणजे सरळ शंभर किलो. फोनवर गाडीचं वजन आम्हाला कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

रस्त्यालगतच्या शेतात बॅटरीचा उजेड हलत होता. एक काका हरभऱ्याला पाणी देत होते. इतक्या रात्री? "रातची लाइन आहे ना या आठवड्यात," ते म्हणाले. आयुष्यभर वीज तयार केलेल्या बाबांनी यावर काहीही न बोलता चष्मा पुसला. काकांनी ट्रॅक्टर काढला, दादा स्टिअरिंगवर बसला आणि दोन किलोमीटरवरच्या पेट्रोल पंपापर्यंत आमचं घर हळूहळू निघालं. रस्सीनं असं ओढणं आदर्श मुळीच नाही. इंजिन बंद असलं की ब्रेक आणि स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. क्रेनवाल्या दादांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये घेतलं आणि मागे दिवे लावून ट्रॅक्टरच्या स्पीडनं आले. त्यांच्या ड्यूटीत हे बसत नव्हतं.

पंपावर पोचल्यावर बाबा पहिल्यांदा बोलले. "आता कशाला हलवायची? झोपू की इथेच." सॉलिड! आमचं हॉटेल आमच्याजवळच होतं. फ्रीज घरगुती बॅटरीवर चालू होता, आई तिच्या बेडवर. सकाळी मेहकरहून मेकॅनिक आला, तुटलेला बेल्ट बदलला (एकच बेल्ट, त्यावरच चार्जिंग आणि कूलिंगचा पंप, म्हणून दोन्ही दिवे एकदम) आणि अकराच्या आधी आम्ही लोणारच्या काठावर उभे होतो.

तर मुद्दा हा. बंद पडलेल्या कारला आधी ओढणारा हवा असतो. कॅरव्हॅनला आधी सुरक्षित जागा हवी आणि मग तिच्या मापाची, तिच्या वजनाची गाडी हवी. प्लॅन घेताना किमतीच्या आधी हे बघायचं.

आरसी आधी काढा

तुमची स्वतःची कॅम्पर असेल तर सगळं आरसीपासून सुरू होतं. आपल्याकडे 'मोटर कॅरव्हॅन' आणि 'कॅम्पर व्हॅन/ट्रेलर' हे रजिस्ट्रेशनमधले वेगळे प्रकार आहेत, कॅम्परमध्ये खासगी वापराचा प्रकार पुन्हा निराळा. इन्शुरन्सबरोबर जो रोडसाइड असिस्टन्सचा अ‍ॅड-ऑन स्वस्तात मिळतो, तो बहुतेक वेळा 'प्रायव्हेट कार' डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला असतो. एजंट म्हणेल, "हो हो, सगळं कव्हर आहे." त्याला म्हणा, माझ्या आरसीवरचा व्हेइकल क्लास लिहून तेवढं ईमेलवर पाठवा. अर्धे एजंट इथेच गायब होतात!

हल्ली व्हॅन विकत घ्यायची, गॅरेजमध्ये न्यायची, आतल्या सीट काढून बेड आणि किचन बसवून घ्यायचं, रील टाकायचं, असं जोरात चालू आहे. दिसतं मस्त. पण मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ कागदांशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच ठणकावलंय. आरटीओच्या कागदावर तुमची गाडी अजून आठ सीटची असेल आणि रस्त्यावर ती बेडरूम असेल, तर क्लेमच्या वेळी कोण काय म्हणेल याचा भरवसा नाही. सोफ्याचं कापड निवडण्याआधी हे उरकून घ्या.

भाड्याच्या कॅरव्हॅनची गोष्ट निराळी. नंबर प्लेट बघा. पिवळी, काळी अक्षरं म्हणजे कमर्शियल. काळी, पिवळी अक्षरं म्हणजे सेल्फ-ड्राइव्हला देण्याची. इथे खासगी कारचा प्लॅन उपयोगाचा नाही. एजन्सीकडे कोणता आहे, त्याचा फोन नंबर आणि पॉलिसी नंबर चावी घेतानाच मागा. शिवाय विचारा की गाडी तुमच्या चुकीशिवाय बंद पडली तर राहिलेल्या रात्रींचे पैसे परत मिळतात का, आणि माणसांना आणायला कोण येणार. आम्ही यातलं काहीच विचारलं नव्हतं. आम्ही विचारलं होतं, वायफाय आहे का.

वजन, उंची आणि पन्नास किलोमीटर

फोन करताना तीन आकडे तोंडपाठ हवेत. भरलेल्या गाडीचं वजन, उंची आणि चाकं कोणती फिरतात, पुढची की मागची. ब्रिटनमध्ये नेहमीच्या ब्रेकडाउन कव्हरला साडेतीन टनांची मर्यादा असते. अमेरिकेत एएएच्या साध्या मेंबरशिपमध्ये अशी मोठी गाडी बसतच नाही, आरव्हीचा वेगळा प्लॅन घ्यावा लागतो. म्हणजे जिथे ही चैन शंभर वर्षांची आहे तिथेही लोक याच प्रश्नावर अडतात. आपल्या प्लॅनमध्येही मर्यादा असते, फक्त ती मागच्या पानावर असते.

शक्यतो 'फ्लॅटबेड' मागा, म्हणजे पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक. पण उंच व्हॅन त्याच्यावर चढली की सगळं मिळून पावणेचार मीटरच्या आसपास जातं. गावातल्या लोंबत्या तारा आणि रेल्वेखालचे बोगदे आठवा! चढवण्याआधी पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा, गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, औषधं आणि कागदपत्रं हातात घ्या.

मग अंतर. 'फ्री टोइंग' हा शब्द ऐकून खूश होऊ नका, किती किलोमीटर ते बघा. पन्नास असेल तर शहरात चिक्कार झालं. लोणारहून छत्रपती संभाजीनगर दीडशेच्या घरात आहे. वरचे शंभर तुमच्या खिशातून, तेही मोठ्या ट्रकच्या भावानं. वर्षातून किती वेळा बोलावता येतं, रात्रीच्या मुक्कामाचा किंवा पुढच्या प्रवासाचा खर्च देतात का, आणि कितीजणांचा, हेही तिथेच लिहिलेलं असतं. माझ्या मते शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर थोडे जास्त पैसे मोजून माणसांची सोय करणारा प्लॅन घ्यावा, पंक्चर कुणीही काढून देतं.

मागे ओढायचा ट्रेलर घ्यायचा विचार असेल तर एवढंच लक्षात ठेवा, की कायद्याच्या नजरेत त्या दोन गाड्या आहेत. ट्रेलरचं रजिस्ट्रेशन वेगळं, इन्शुरन्स वेगळा. कार बंद पडली तर क्रेन कार उचलेल, मग ट्रेलर कोण नेणार? हा प्रश्न फोनवर विचारून बघा, समोरची शांतता ऐकण्यासारखी असते. आणि ट्रेलरची स्टेपनी वेगळी घ्या, कारची त्याला बसेलच असं नाही.

हायवेची मदत या सगळ्यापेक्षा वेगळी आहे. नॅशनल हायवेवर १०३३ फिरवला की पेट्रोलिंग, क्रेन, अ‍ॅम्ब्युलन्स मिळू शकते. समृद्धी एमएसआरडीसीचा, त्याची हेल्पलाइन निराळी, निघण्याआधी सेव्ह करा. पण ही मंडळी तुम्हाला धोक्यातून बाजूला काढतात, घरी पोचवत नाहीत. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनसारखी १९१९ पासूनची संस्था मेंबरांना ब्रेकडाउन सेवा देते. तुमच्या रूटवर आणि तुमच्या मापाच्या गाडीला ती मिळेल का, हा प्रश्न तिथेही विचारायचाच.

स्टँडबाय

परतल्यावर एकलहऱ्यात जेवताना बाबांनी त्यांच्या थर्मलची गोष्ट काढली. २१० मेगावॅटच्या संचाला बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे तीन मोठे पंप असतात. दोन चालू, एक स्टँडबाय. "आणि स्टँडबाय नुसता ठेवून चालत नाही," ते म्हणाले, "अधूनमधून चालवून बघावा लागतो. नाहीतर नेमका गरजेला अडकतो."

पुढची ट्रिप फेब्रुवारीत ठरली आहे, भंडारदऱ्याला. नवी एजन्सी, नवा प्लॅन. या वेळी कागद बाबांकडे आहेत. परवा रविवारी सकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसले, चष्मा लावला आणि हेल्पलाइनला फोन लावला. गाडी बंद नव्हती, घरातही नव्हती. ट्रायल घेत होते. मी स्पीकरवर ऐकत होते.

"नमस्कार सर, काय मदत करू शकतो?"

"कॅरव्हॅन आहे. घोटीच्या पुढे बंद पडली असं समजा. माणसं चार. किती वेळात याल?"

पलीकडे कीबोर्डची टकटक. मग जरा शांतता.

"सर, कॅरव्हॅन म्हणजे... ती कुठल्या कंपनीची कार आहे?"

बाबांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "लिहून घ्या," ते म्हणाले आणि वजनापासून सुरुवात केली.