३.४ इंग्रजी चाचणीतील क्रियापदाचा काळ आणि संदिग्ध शब्द



मागील उपघटकात आपण इंग्रजीतील काळांचे प्रकार अभ्यासले. ही रूपे पाठ असूनही चाचणीत उत्तर चुकते, असा अनेकांचा अनुभव आहे. शाळा सोडून बरीच वर्षे झालेल्या विद्यार्थ्याला तर ‘इंग्रजी आपल्याला जमणारच नाही’ असे वाटू लागते. प्रत्यक्षात ही चूक बहुधा स्मरणाची नसून वाक्य वाचण्याच्या पद्धतीची असते.

३.४.१ काळाचे रूप आणि प्रत्यक्ष वेळ

कोणी हाक मारली की आपण ‘आलोच’ म्हणतो. रूप भूतकाळाचे असते. येणे मात्र अजून व्हायचे असते. इंग्रजीतही असे घडते. ‘द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स टुमॉरो’ या वाक्यातील क्रियापद साध्या वर्तमानकाळात आहे, पण घटना उद्याची आहे.

दोन्ही भाषांतील रूपे मात्र एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ यातील ‘होतो’ पाहून विद्यार्थी ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टर्डे’ असे लिहितात. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ हे रूप भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी घडलेली क्रिया दाखवते. तशी दुसरी घटना संदर्भात नसेल, तर ‘आय वेंट टु पुणे यस्टर्डे’ असेच लिहावे.

३.४.२ एकच रूप, दोन काळ

‘पुट’, ‘कट’ यांसारख्या क्रियापदांचे रूप वर्तमानकाळात व भूतकाळात सारखेच असते. मग ‘शी पुट द बुक ऑन द टेबल’ या वाक्याचा काळ कसा ओळखाल? कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी आहे. वर्तमानकाळ असता, तर क्रियापद ‘पुट्स’ असे झाले असते. तसे झालेले नाही, म्हणून हा भूतकाळ होय. कर्ता ‘दे’ असेल, तर हा आधार उरत नाही. तेव्हा ‘एव्हरी डे’ किंवा ‘यस्टर्डे’ असा कालवाचक शब्द शोधावा.

३.४.३ शब्दाचा अर्थ ठरवणारा काळ

‘दे फाउंड अ स्कूल’ या वाक्यात काळ व अर्थ दोन्ही संदिग्ध आहेत. ‘फाउंड’ हे ‘फाइंड’चे भूतकाळी रूप मानल्यास ‘त्यांना शाळा सापडली’ असा अर्थ होतो. ‘स्थापन करणे’ या अर्थाचे ‘फाउंड’ हे स्वतंत्र क्रियापद मानल्यास वाक्य वर्तमानकाळी ठरते, कारण त्याचे भूतकाळी रूप ‘फाउंडेड’ आहे. वाक्यात ‘यस्टर्डे’ असेल, तर पहिलाच अर्थ उरतो.

‘सिन्स’ या शब्दाचेही तसेच आहे. ‘शी हॅज वर्क्ड हिअर सिन्स २०१५’ येथे त्याचा अर्थ ‘पासून’ असा होतो. ‘सिन्स शी वर्क्स हिअर, शी नोज द रूल्स’ येथे मात्र तो ‘ज्याअर्थी’ या अर्थाने येतो. शब्द तोच आहे. सोबतच्या क्रियापदांनी त्याचा अर्थ ठरवला.

सारांश

काळ अर्थ ठरवतो आणि अर्थ काळ ठरवतो. म्हणून रिकाम्या जागेपाशी न थांबता पूर्णविरामापर्यंत वाक्य वाचा. कर्ता, कालवाचक शब्द व इतर क्रियापदे पाहा. मगच पर्याय निवडा.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘शी कट द क्लॉथ’ या वाक्याचा काळ सकारण लिहा.

२. ‘सिन्स इट इज रेनिंग, वुई विल स्टे ॲट होम’ येथे ‘सिन्स’चा अर्थ कोणता? कशावरून?