चटका, ठेचा आणि ऊब

२९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रावर ५२.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली आणि देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याने तपासणी केली, तेव्हा तिथला सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. दिल्लीतल्याच सफदरजंग केंद्रावर त्या दिवशी ४६.८ अंश होते; तेही अंगाची लाही करायला पुरेसे.

सेन्सर आपल्या त्वचेतही असतात, पण ते हवेचं नव्हे, त्वचेचंच तापमान टिपतात. एरवी ते ३२ ते ३४ अंश असतं. उन्हात तापलेल्या लोखंडी कठड्याला हात लागला, त्वचा ४३ अंशांच्या वर गेली, की मज्जातंतूंच्या टोकांवरचं टीआरपीव्ही१ हे प्रथिन कामाला लागतं. चार सारखे घटक मिळून बनलेलं हे दार उष्णतेने उघडतं, सोडियम आणि कॅल्शियमचे आयन आत घुसतात, तंतूत विद्युतसंदेश उमटतो. चटका नीट जाणवायच्या आतच मज्जारज्जू हात मागे खेचतो.

हे प्रथिन सापडलं मिरचीमुळे. कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने मिरचीतल्या कॅप्सेसिनला दाद न देणाऱ्या पेशींमध्ये मज्जापेशींची जनुकं घातली आणि कोणत्या जनुकामुळे त्या प्रतिसाद देऊ लागतात, ते हुडकलं. १९९७ मध्ये हाती आलेलं प्रथिन उष्णतेलाही उघडत होतं. ठेचा खाल्ल्यावर तोंडाची आग होते ती याच दारातून. ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळालं.

मला मात्र चटक्यापेक्षा ऊब अधिक विलक्षण वाटते. जानेवारीच्या धुक्यात दिल्लीकर चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरतो, तेव्हा काय घडतं? बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये उंदरांवर दाखवलं, की गारवा टिपणारे काही तंतू एरवीही संदेश धाडत असतात आणि त्वचा कोमट झाली की गप्प होतात. ऊब कळायला हे गप्प होणंही लागतं. गारवा ओळखणारं टीआरपीएम८ प्रथिन नसलेल्या उंदरांना ऊबही ओळखता आली नाही.

चटक्याची मर्यादा कायम ४३ वर राहत नाही. उन्हाने त्वचा होरपळली, की दाहातल्या रसायनांमुळे ती खाली येते आणि कोमट पाणीही पोळतं. उलट मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झालेल्यांना मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर फोड येईपर्यंत पत्ता लागत नाही. घरात असं कुणी असेल, तर त्यांना सकाळी लवकर दर्शनाला न्यावं, घरी आल्यावर तळवे पाहावेत आणि आंघोळीच्या पाण्यात आधी आपण हात घालावा.