उतारवयांतील नैराश्य आणि विश्वासाचें माणूस

घरांतील एखादें म्हातारें माणूस जेवणावरची वासना उडाली म्हणतें, पहांटे तीनलाच जागें होऊन आढ्याकडे पाहत पडतें, नातवंडांच्या गलबल्यांतहि रमत नाहीं. आणि आपण “वयच झालें, चालायचेंच” म्हणून तें सोडून देतों. ही आपली चूक आहे. आठवडेच्या आठवडे टिकणारी अशी खिन्नता हा वार्धक्याचा धर्म नसून विकार आहे, व औषधांनीं आणि मानसोपचारांनीं तो आटोक्यांत येऊं शकतो.

पक्षाघातासारखे आजार, जोडीदाराचा वियोग, दारिद्र्य हीं त्याचीं उघड कारणें होत. परंतु तेंच संकट सोसून एक मनुष्य सांवरतो व दुसरा खचतो, तें कां? या उत्तराचा एक धागा थेट बालपणापर्यंत जातो.

इंग्रज मनोवैद्य जॉन बोल्बी यांनीं १९६९ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, मूल आईस बिलगतें तें केवळ दुधासाठीं नव्हे. सुरक्षिततेची भूक ही स्वतंत्र भूक आहे. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनीं, आई क्षणभर दूर जाऊन परतल्यावर मूल कसें वागतें, हें बारकाईनें न्याहाळलें. कांहीं मुलें रडतात, पण कुशींत शिरतांच शांत होतात; कांहीं बिलगूनहि रुसलेलींच राहतात; आणि कांहीं, जणूं कांहीं घडलेंच नाहीं, अशा रीतीनें तोंड फिरवितात. १९८७ सालीं सिंडी हेझन व फिलिप शेव्हर यांनीं याच तीन तऱ्हा प्रौढांच्या प्रेमसंबंधांतहि दाखविल्या.

म्हातारपणीं या स्वभावांची खरी परीक्षा होते, कारण तेव्हां परस्वाधीनता येते. पहिल्या तऱ्हेचा मनुष्य मदत मागतो व घेतो. दुसऱ्यास, मुलगा समोर उभा असतांहि, “हा मला टाकील” हें भय सोडीत नाहीं. तिसरा “मला कोणाची गरज नाहीं” म्हणतो; हातपाय चालत असेपर्यंत तें निभावतें, पुढें तोच ताठा त्यास एकाकी करतो. मात्र हे स्वभाव म्हणजे ललाटलेख नव्हेत. विश्वासाच्या सहवासानें ते पालटतातहि.

आणि आधार म्हणजे माणसांची गर्दी नव्हे. १९६८ सालीं मार्जोरी लोवेन्थल व क्लेटन हेवन यांनीं सॅन फ्रान्सिस्कोंतील वृद्धांविषयीं निबंध प्रसिद्ध केला. जोडीदार गमावूनहि मनांतलें बोलावयास एक विश्वासाचें माणूस ज्यांस होतें, ते लोक, जोडीदार असून असें माणूस नसलेल्यांपेक्षां अधिक समाधानी आढळले.

तेव्हां आधार देतांना स्वभाव ओळखावा. भयग्रस्तास ठरल्या वेळीं, थोडा वेळ कां होईना, पण न चुकतां भेटावें. ताठ्याच्या मनुष्यास मदत देण्याआधीं त्याची मदत मागावी; हिशेब पाहावयास द्यावा, सल्ला विचारावा. आणि “आतां जगणें नको” असें कोणी बोलल्यास तें थट्टेवारी न नेतां त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. घरांत दहा माणसें असतील. त्यांपैकीं ऐकणारें कोण, एवढें आज आपण पाहावें.